वकीलसाहेबांचा रमणा

माझ्या घरमालकांना नमस्कार केला की ते थांबत, छत्री जमिनीवर टेकवत आणि विचारत, "कशासाठी?"

पहिल्या दिवशी मी गांगरून म्हणालो, "सहज."

"सहज नमस्कार करणाऱ्याला मी खोली देत नाही," ते म्हणाले, आणि त्याच दमात कनवटीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. मी पुढं काही बोलणार, तोच म्हणाले, "आभार मानू नका. आभार मानणारा भाडेकरू पुढं पाणी फार वापरतो."

महाराष्ट्र तेव्हा नुकताच झाला होता. मी मेहकर तालुक्यात पैनगंगेकाठच्या एका गावी शाळामास्तर म्हणून लागलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण यातल्या काही मंडळींची नातवंडं आता मोठ्या हुद्द्यांवर आहेत. मी मूळचा संग्रामपूरकडचा, म्हणजे घाटाखालचा, आणि हा घरमालकांच्या दृष्टीनं माझा पहिला अपराध होता. रात्री खिडकी उघडली की खालून आवाज येई, "घाटाखालच्यांना इथंही उकडतं का?"

त्यांना सगळं गाव वकीलसाहेब म्हणे. धोतरावर काळा कोट, उन्हापावसात न उघडणारी छत्री, आणि चेहरा असा की आत्ताच कोणीतरी त्यांच्या जिभेवर चिंच ठेवलीय. तालुक्याच्या कोर्टात त्यांची वकिली होती, पण ती पोटापुरती. खरा व्यवसाय राग. सकाळी दूधवाल्यापासून सुरुवात व्हायची. दूध पातळ आहे ही तक्रार सगळेच करतात. यांची तक्रार अशी की दूधवाला मापाकडे न बघता आपल्याकडे बघतो. मग वर्तमानपत्र. मग कॅलेंडरातलं चित्र. संताप चढेपर्यंत भाषा अगदी शुद्ध, पुस्तकी. एका ठरावीक उंचीवर गेला की शुद्ध मराठी खाली राही आणि वऱ्हाडी वर निघून जाई. "काऊन बे?", म्हणजे 'का रे?', ऐकू आलं की मी पायऱ्यांवर येऊन बसत असे. गावात सिनेमा नव्हता.

एकदा शाळेत त्यांचा सत्कार ठरवला. ठरवणारा मीच, आणि काय होणार हे मला पुरतं ठाऊक होतं. हेडमास्तरांनी झेंडूचा हार गळ्यात घातला. वकीलसाहेबांनी तो काढून हातात धरला, जप्तीतला मुद्देमाल धरावा तसा.

"ही फुलं कोणी तोडली?"

"माळ्यानं," हेडमास्तर हसत म्हणाले.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"आता... माझ्याच."

"म्हणजे माळी हत्यार आणि चिथावणी तुमची. ओवणारे कोण?"

मागं बसलेल्या शिवणाच्या बाई उठून बाहेर गेल्या. त्यानंतरचा सगळा वेळ उलटतपासणीत गेला आणि मुलांना इतका आनंदाचा कार्यक्रम पुन्हा मिळाला नाही.

फुलाला हात लावलेला त्यांना खपत नसे. घरात देवाला तुळस, तीही आपण होऊन गळालेली. आणि या सगळ्याचं मूळ गावाबाहेर होतं, नदीच्या वळणावर. त्याला रमणा म्हणत.

रमणा म्हणजे गवताचं सपाट कुरण. सरकारी चराईची जमीन, जिला आमच्याकडे ई-क्लास म्हणतात. पैनगंगेला पूर आला की पाणी रमण्यावर चढे, एखाद-दोन दिवस बसून राही आणि पातळ गाळ सोडून निघून जाई. आजूबाजूच्या काळ्या शेतांत शेकडो वर्षं नांगर फिरला, इथं कधीच नाही. वकीलसाहेबांनी मला पहिल्यांदा तिथं नेलं ते पोळ्याच्या आसपास. काठावर उभं करून म्हणाले, "चपला काढा. आणि तोंड बंद."

गवत गुडघ्याएवढं होतं. त्यात निळी नभाळी, पिवळे ठिपके, ओलीत सीतेची आसवं. नुसती बघून मी 'वा' म्हणालो, त्यावर त्यांनी डोळे वटारले. मग वाकून, छत्रीच्या टोकानं न शिवता, ओळख करून दिली. प्रत्येक फुलाला त्यांनी कोर्टातलं नाव दिलं होतं. पिवळं रांगतं फूल कुठंही उगवे, समन्स बजावणाऱ्या शिपायासारखं, म्हणून ते 'बेलिफ'. नभाळी 'कारकून', कारण ऊन चढलं की मिटते. आणि अगदी आत, ओलसर सखल जागी, हिरवट पांढरी, एका दांडीवर ओळीनं लागलेली आमरी, म्हणजे ऑर्किड. ती 'मुन्सफ', खालच्या कोर्टाचा न्यायाधीश.

"मुन्सफ का?"

"उशिरा येतो, लवकर जातो, आणि असतो तोवर सगळ्यांना उभं राहावं लागतं."

आमरीच्या इतर जाती बऱ्याच ठिकाणी येतात, पण ही नाही. वकीलसाहेब नदीकाठानं वर-खाली हिंडले होते, कुठं सापडली नव्हती. नागपूरच्या कॉलेजातले एक प्राध्यापक येऊन, चिखलात गुडघे टेकून, बघून गेले. जाताना म्हणाले, वऱ्हाडात ही असेल असं वाटलं नव्हतं. "वाटलं नव्हतं म्हणजे काय?" वकीलसाहेब त्यांच्यावरही भडकले. "ती काय तुमच्या परवानगीनं येते?"

रमण्याचा एक कायदा होता. दसऱ्यापर्यंत आत विळा नाही, ढोर नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रमणा 'फुटायचा'. नारळ फोडून घरटी एकेक पाथ, म्हणजे गवताचा पट्टा, कापायला मिळे. गवत घरोघर गेलं की गुरं आत सोडत, ती होळीपर्यंत. हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, म्हणून सगळे पाळत.

आता सरपंचाबद्दल लिहायला हवं, आणि लिहिताना आजही माझा हात तापतो. माणूस तरतरीत, टेरिलीनचा शर्ट, खिशाला पेन. पंचायत समित्या नव्या होत्या, संकरित ज्वारी नवी होती, ट्रॅक्टर तर तालुक्याला दिसला की पोरं मागं धावत. त्यानं ठरवलं, रमणा मोडायचा आणि तिथं नमुन्याचं शेत करायचं. नमुना कोणासाठी, पीक कोणाच्या घरी, हे तो सांगत नसे. चावडीवर सभा बोलावली.

"गवत काय, कुठंबी उगवते," सरपंच म्हणाला. "देशाले धान्य पायजे. वकीलसाहेबाईले फुलं पायजे असन, त मी त्याईच्या दारात झेंडू लावून देतो."

लोक हसले. वकीलसाहेब उठले. शुद्ध मराठी त्या दिवशी पहिल्या वाक्यातच संपली.

"तुह्या आज्याच्या बैलायनं काय खाल्लं बे? टेरिलीन?"

पण सभा जिंकली ती काशीबाईनं. काशीबाई म्हणजे एकटी विधवा, दोन गायी, दूध विकून पोट. ती मागून म्हणाली, "फुलाबिलाचं मले काही समजत नाई. गवत मले समजते. नांगर घालाचा असन त पयले माह्या गायीवरून घाला." आणि ट्रॅक्टर आला त्या सकाळी ती खरंच गायी घेऊन रमण्याच्या तोंडाशी जाऊन बसली. तिच्यामागं सगळं गाव. ट्रॅक्टरवाल्यानं विडी पेटवली, विचार केला आणि परत गेला. वकीलसाहेब तोवर तालुक्याला कोर्टात होते. संध्याकाळी मनाई हुकूम घेऊन उतरले. गावानं त्यांना खांद्यावर घेतलं, हार मात्र कोणी आणला नाही, एवढी समज एव्हाना सगळ्यांना आली होती.

हुकुमात काय लिहिलंय ते दसऱ्याला कळलं.

रमण्याभोवती काटेरी तार. बेलिफानं लावलेला फलक. नांगर नाही, हे ठीक. पण खाली: विळा नाही, जनावर नाही, माणूस नाही. अर्ज लिहिताना वकीलसाहेबांनी आपल्या मनानं या तीन गोष्टी घुसडल्या होत्या. आदल्या वर्षी रमणा फुटला तेव्हा त्यांनी एका गायीचा खूर मुन्सफाच्या वाळक्या दांडीवर पडताना पाहिलं होतं. मी शेजारी होतो. तो खूर आपल्याच छातीवर पडल्यासारखे ते मागं सरले होते. तेव्हापासून त्यांच्या मनात बसलं की फुलांना खरा धोका नांगराचा तर आहेच, पण विळा आणि ढोरही त्याचेच भाऊबंद.

काशीबाई विळा घेऊन आली होती, तशीच आमच्या दारात आली.

"वकीलसाब, मी कोणासाठी बसली होती तिथी?"

"हुकूम कोर्टाचा आहे."

"मागितला कोनं?"

"मी. फुलांसाठी."

"अन् माह्या गायी? त्याईले काय चारू, तुमचा कागद?"

"कडबा चार."

"कडबा माह्या बापानं ठेवला का?" ती म्हणाली. "सरपंच बरा. तो समोरून नांगर घेऊन आला होता. तुमी त मागून आले."

वकीलसाहेबांनी दार लावलं. त्या रात्री जेवले नाहीत असं त्यांच्या स्वयंपाकीणबाईंकडून कळलं. पण हुकूम त्यांनी हलवला नाही. उलट राखणदार ठेवला. रमण्यात शिरलेलं ढोर कोंडवाड्यात, सोडवायला येणाऱ्याशी भांडण. गाव त्यांच्याशी बोलेनासं झालं. न्हावी घरी यायचा बंद झाला, आणि त्यांनी दाढी वाढवली. ती वाढलेली दाढी रागानं हलायची. मी हसत असे, पण एका गोष्टीचं हसू येईना. काशीबाईनं दोनांतली एक गाय डोणगावच्या बाजारात नेऊन विकली. परत येताना ती रिकामं दावं खांद्यावर टाकून आमच्या दारावरून गेली. आमचं दार तिच्या वाटेवर नव्हतं.

रमणा मात्र बघण्यासारखा झाला. गवत छातीएवढं वाढलं. कापलंच नाही, तर गेल्या वर्षीचं वाळकं तसंच उभं, त्यातून नवं वर, ते पडून त्याच्यावर पुढचं. पुराच्या पाण्यात सगळी गच्च चटई कुजायची आणि दमट वास सुटायचा. पहिल्या वर्षी मुन्सफ जेमतेम दिसले. दुसऱ्या वर्षी आम्ही गवत दोन्ही हातांनी बाजूला करत पोहल्यासारखे फिरलो तेव्हा एक सापडला, पिवळा पडलेला. त्याच्या पुढल्या वर्षी नाही. कारकून नाहीत, बेलिफसुद्धा नाही. एवढा बेशरम बेलिफ, तोही गेला.

वकीलसाहेब प्रत्येकावर आरोप ठेवत फिरले. पूर जास्त आला. पूर कमी आला. उंदीर. सरपंचानं काही औषध टाकलं. एके दिवशी मी.

"तुम्ही मागच्या साली इथं शिंकला होता," ते म्हणाले.

आणि सरपंच खूश. तो चावडीवर उघड म्हणू लागला, "फुलं गेली. गावातलं कोणी आत जात नाई. मंग ही जागा पडीकच ना? आता कोर्टात जाऊन मीच सांगतो." हे नुसतं बोलणं नव्हतं. वकीलसाहेबांनी मूळ हुकूम मिळवला होता तो गावाच्या जुन्या वहिवाटीवर. वहिवाट त्यांनीच बंद पाडली, आणि ज्यांच्यासाठी बंद पाडली ती फुलं संपली. आता नांगराला अडवायला उरलं काय?

अशा दिवसांत राखणदारानं बातमी आणली की रमण्याच्या टोकाला, नदी जिथं वळते तिथं, बाभळीमागची तार वाकवून कोणीतरी दरवर्षी गवत चोरतंय. वकीलसाहेबांना नवं आयुष्य मिळाल्यासारखं झालं. गुन्हेगार सापडला. भल्या सकाळी मला पंच म्हणून ओढत नेलं. भाद्रपद होता, चिखल घोट्यापर्यंत.

बाभळीमागून वाकून पलीकडे गेलो आणि वकीलसाहेब थांबले. मी त्यांच्या पाठीवर आपटलो.

बैलगाडी उभी राहील एवढीच जागा. गवत बुटकं, मोकळं. आणि त्यात मुन्सफ. ओळीनं, दाटीवाटीनं, कोर्ट भरल्यासारखे. कारकून. बेलिफ. सगळे.

काठाशी काशीबाई उभी होती, वाकवलेली तार अजून हातात. तिला वाटलं आता पोलीस. तिनं हनुवटी वर केली.

"हो, मी कापते. दसऱ्यानंतर कापते, एका गायीपुरतं. आज नुसती पाह्याले आली. न्या मले कुठी न्यायचं थे."

वकीलसाहेब फुलांकडे बघत, मग मागच्या छातीएवढ्या कुजक्या गवताकडे बघत, परत फुलांकडे. मला दिसत होतं की आत काहीतरी एकेक पायरी उतरतंय. हुशार माणूस मूर्ख ठरताना इतक्या जवळून मी कधी पाहिला नव्हता. मग त्यांचा चेहरा लाल झाला आणि ते तिच्यावरच ओरडले.

"एवढंसंच काऊन कापलं?"

"आं?"

"चोरी करायची होती त नीट नाई करता येत? हा एवढा रमणा पडला होता. माहा राखणदार झोपते, हे गावाले माहीत हाये. एवढंसंच काऊन?"

काशीबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तर, याईले घरी न्या. ऊन लागलं."

ऊन नव्हतं. त्यांना कळलं होतं की विळा आणि खूर यांनीच फुलांना आजवर मोकळं आभाळ दिलं; गवत न्यायला येणाऱ्यांना हाकलून त्यांनी मुन्सफांना गवताखाली गाडलं. घरी येईपर्यंत ते स्वतःला जे बोलत होते ते मी इथं लिहू शकत नाही. सगळं वऱ्हाडीत होतं.

लगेच दुसऱ्या दिवशी अर्ज. मी सुटी टाकून कोर्टात जाऊन बसलो. असा खेळ पुन्हा लागणार नव्हता.

"अर्ज कोणाच्या हुकुमाविरुद्ध?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझ्या अर्जावर झालेल्या."

"विळा आणि गुरं यांना बंदी तुम्हीच मागितली होती. तेव्हा तुमचं म्हणणं खोटं होतं?"

"खोटं नव्हतं. मूर्खपणाचं होतं. कोर्टानं तेव्हा मला नीट तपासायला हवं होतं. कोर्टही चुकलं."

सरपंचाचा वकील उठला. "अर्जदार स्वतः मूर्खपणा कबूल करतात, याची नोंद व्हावी."

"अवश्य व्हावी," वकीलसाहेब म्हणाले. "आणि अक्षर चांगलं असलेल्या कारकुनाकडून."

न्यायाधीशांनी चष्मा पुसायला काढला तो बराच वेळ पुसत राहिले. हुकूम बदलला. नांगर बंद, विळा आणि गुरं जुन्या वहिवाटीप्रमाणे.

दवंडी पिटली. दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तार काढलेली, नारळ ठेवलेला, आणि रमण्यावर कोणी नाही. म्हणजे गाव होतं, पण बाहेर, बांधावर. हात बांधून. कोंडवाड्यात ढोरं गेलेली माणसं अशी बोलावली म्हणून येत नसतात. सरपंच आपल्या शर्टात एका कडेला उभा, अगदी शांत. वहिवाट मेली, एवढंच त्याला सिद्ध व्हायला हवं होतं.

वकीलसाहेबांनी नारळ फोडला. कोणी जवळ आलं नाही. मग छत्री माझ्या हातात दिली, नवा कोरा विळा घेतला आणि काळ्या कोटातच, उभ्यानं, वाकून, गवतावर घाव घालू लागले. लाकूड तोडावं तसे. वाळकं गवत विळ्याला गुंडाळायचं, ते उपटायचे, पुन्हा घाव. बांधावर खसखस पिकली. कोणीतरी म्हणालं, "वकीलसाब, गवताले तारीख द्या." त्यांनी मान वर केली नाही. कोट कुसळांनी भरला, धोतर सुटायला आलं. हसणं हळूहळू कमी झालं, कारण ते थांबेचनात.

काशीबाई बांधावरून उतरली. रागातच होती, तिच्या चालण्यातच दिसत होतं.

"उभ्यानं कापतेत का गवत? हात तुटन. खाली बसा."

ते बसले.

"मूठ पक्की धरा. बुडापासी. अशी." तिनं दाखवलं, आणि दाखवता दाखवता तिची पाथ चालू झाली. मागं न बघता ती बांधावरच्यांवर ओरडली, "पाहून काय राह्यले? गवत आपलं हाये, याईचं नाई."

मग एकेक उतरले. दुपारपर्यंत गायी आत होत्या. सरपंच कधी गेला कोणी पाहिलं नाही.

माफी त्यांनी कोणाची मागितली नाही. तेवढं शौर्य त्यांच्यात नव्हतं.

पुढच्या भाद्रपदात आम्ही रमण्यावर गेलो. सगळीकडे नव्हते, पण सखल भागात जागोजागी मुन्सफ वर आले होते. वकीलसाहेब त्यांच्यामध्ये उकिडवे बसले होते. पलीकडून काशीबाई निंदणाला निघाली होती, ती वाट सोडून आत आली.

"कोणतं ते तुमचं फूल? दाखवा त."

त्यांनी बोट केलं. ती वाकली. हिरवट पांढरं, करंगळीच्या नखाएवढं. तिनं बराच वेळ पाहिलं.

"एवढ्याशापायी माही गाय गेली?"

मला वाटलं आता ते भडकतील, कायदा सांगतील, नागपूरचा प्राध्यापक काढतील. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "हाव. एवढ्याशापायी."

काशीबाई सरळ झाली. "मंग आता नीट राखा," ती म्हणाली, आणि लुगडं वर खोचून, एकेका दांडीला वळसा घालत, वाकडीतिकडी बाहेर गेली. ती बांधावर चढेपर्यंत वकीलसाहेब बघत राहिले. मग घसा साफ केला.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमचा डावा पाय उचला. हळू. आणि पुन्हा तिथं ठेवू नका."